शजरा म्हणजे झाड

कोकणातल्या बऱ्याच मुसलमान घरांत एक शजरा असतो. कुठे तो जुन्या कापडात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलेला असतो, तर कुठे एखाद्या हौशी चाचांनी कॉम्प्युटरवर टाइप करून बैठकीच्या खोलीत फ्रेम लावून टांगलेला असतो. सर्वांत वर एक बुजुर्ग, त्यांच्या खाली त्यांचे मुलगे, त्या मुलग्यांचे मुलगे, आणि असं करत करत आपल्या वडिलांपर्यंत आणि भावांपर्यंत. काही शजरे येमेनला जातात, काही बसऱ्याला, काही थेट मदिन्याला. पाहुणे आले की हे शजरे आवर्जून दाखवले जातात.

मी शाळेत उर्दू शिकवते, त्यामुळे नात्यागोत्यातले आणि ओळखीपाळखीचे लोक असे कागद वाचून घ्यायला माझ्याकडे आणतात. आतापर्यंत वाचलेल्या शजऱ्यांत मला एकाही बाईचं नाव सापडलेलं नाही. आई नाही, बायको नाही, मुलगीसुद्धा नाही. पिढ्यान्‌पिढ्या जणू पुरुषांना पुरुषच होत गेले.

‘शजर’ हा अरबी शब्द आहे आणि त्याचा अर्थ झाड. वंशाचा शजरा म्हणजे वंशाचं झाड. आपलं घराणं कुठून आलं, काय खात होतं, कोणत्या जमिनीत रुजलं, हे जर शोधायचं असेल तर भिंतीवरच्या झाडापेक्षा परसातल्या झाडांकडे आणि स्वयंपाकघराकडे आधी जावं, असं मला गेली काही वर्षं वाटू लागलं आहे. कारण तिथे ज्यांचा हात फिरला त्या आपल्या नान्या आणि दाद्या होत्या, आणि त्यांच्यापैकी जेवढ्या आज हयात आहेत, त्यांना विचारायला फार दिवस उरलेले नाहीत.

आधी थोडा इतिहास. कोकण किनाऱ्यावर मुसलमान आले ते समुद्रातून, व्यापारासाठी, आणि फार लवकर. अरब प्रवासी अल-मसूदी इ.स. 916 च्या सुमारास चौलला आला होता. तेव्हा त्या बंदराला सैमूर म्हणत. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे लोक होते आणि शिवाय ‘बयासिरा’ होते. बयासिरा म्हणजे इथेच, हिंदच्या भूमीवर जन्मलेले मुसलमान. पुढे आपल्या जिल्ह्यातलं दाभोळ बहामनी आणि आदिलशाही काळात मोठं बंदर झालं. अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी 1470 च्या दशकात हिंदुस्थान पाहून परतताना याच दाभोळहून जहाजात बसला. आपण शाफई मसलकाचे आहोत, तेही या समुद्री वाटेमुळेच. उत्तरेतले मुसलमान बहुतेक हनफी, आणि अरबी समुद्राच्या काठाने कोकणापासून केरळपर्यंत शाफई.

म्हणजे मसलक जहाजातून आला. पण जहाजातून बायका किती आल्या असतील? व्यापारी मोसमी वाऱ्यावर येत आणि वाऱ्यावरच परत जात. जे राहिले त्यांनी इथे घरं केली, इथल्या मुलींशी निकाह केले. त्याचा पुरावा शजऱ्यात नाही, पण आपल्या तोंडात आहे. आपण घरात जी कोकणी बोलतो ती अरबी नाही, फारसीही नाही, ती या मातीतली आहे. उर्दूत आईच्या भाषेला मादरी जबान म्हणतात, ते इथे अगदी शब्दशः खरं आहे. आणि आपल्या ताटात काय असतं? तांदूळ, नारळ, मासे, कोकम. खजूर रोजाच्या इफ्तारपुरता.

आडनावांतही हे मिश्रण दिसतं. काझी, खतीब, मुल्ला, मुकादम ही हुद्द्यांची आडनावं. नाखवा हे फारसी ‘नाखुदा’ वरून आलेलं, म्हणजे जहाजाचा धनी. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या, तांडेल म्हणजे नाव हाकणारा. आणि बाकी ढीगभर आडनावं गावांवरून, शेवटी ‘कर’ लावून, आपल्या हिंदू शेजाऱ्यांसारखीच.

नंतरच्या काळात पुरुष पुन्हा समुद्रावर गेले. इंग्रजांच्या राज्यात पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवर काम करणाऱ्या खलाशांत कोकणातल्या मुसलमानांचा मोठा भरणा होता. इंजिनाजवळ पठाण आणि पंजाबी, जेवणाच्या खोल्यांत गोव्याचे ख्रिस्ती, आणि डेकवर आपले लोक अशी वाटणीच होती. त्यांच्या नोकरीच्या दाखल्याला ‘नळी’ म्हणत. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात जीव गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. ज्यांना कबर मिळाली नाही त्यांची नावं तिथे आहेत. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर ती नावं शोधता येतात. ज्यांच्या घरात ‘आमचे पणजोबा बोटीवरून आलेच नाहीत’ अशी गोष्ट सांगितली जाते त्यांनी एकदा जरूर पाहावं.

दुसरी वाट दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या आणि आजूबाजूच्या गावांतले लोक तिथे गेले, दुकानांत राबले, फळं-भाजी विकली. केप सरकारने 1902 मध्ये आणि पुन्हा 1906 मध्ये कायदे करून नवीन लोकांना येणं अवघड केलं. तिथे राहणाऱ्याला गावी यायचं असेल तर फोटो लावलेलं परमिट घ्यावं लागे, नाहीतर परत प्रवेश नाही. ही परमिटं आणि अर्ज केपटाऊनच्या अभिलेखागारात आजही आहेत. उमा धुपेलिया-मेस्त्री या तिथल्या इतिहासकार. त्या महात्मा गांधींच्या पणती. त्यांनी या कागदांवर फार मोलाचं काम केलं आहे. आपल्या घरी ज्यांचा एकही फोटो नाही असे एखादे पणजोबा तिथल्या फाईलमध्ये टोपी घालून बसलेले असू शकतात.

धुपेलिया-मेस्त्रींच्या लेखनात दुभंगलेल्या संसारांचा उल्लेख वारंवार येतो. नवरा केपटाऊनला, बायको कोकणात. वर्षांमागून वर्षं. कायदे, परमिटाची मुदत, पैशांची ओढाताण यांमुळे कितीतरी बायका गावीच राहिल्या. आता विचार करा, त्या वर्षांत शेत कुणी कसलं? पावसाआधी घर कुणी शाकारलं? सासू-सासऱ्यांना कुणी सांभाळलं, मुलांना अलिफ-बे कुणी शिकवलं? आखाती देशांत गेलेल्यांच्या घरीही पुढे हेच झालं. 1970 नंतरचं कुवेत आणि दुबई आपल्यातल्या बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

माझ्याकडे वाचायला आलेल्या एका जुन्या खतात, आफ्रिकेतून भावाला लिहिलेल्या, वडिलांना सलाम आहे, मशिदीच्या पेशइमामांना सलाम आहे, बैल विकला का अशी चौकशी आहे, विहिरीजवळच्या आंब्याला यंदा मोहर कसा आहे हेही विचारलं आहे. बायकोविषयी एवढंच, की घरात सलाम सांगा. शराफतीचा तो रिवाज होता, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्यामुळे आज त्या घरातल्या कुणालाच त्या बाईचं नाव ठाऊक नाही. आंबा मात्र अजून आहे.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी सुट्टीचा अभ्यास म्हणून तीन गोष्टी लिहून आणायला सांगितल्या. पणजीचं नाव, तिच्या हातचा एक पदार्थ, तिने लावलेलं एक झाड. पणजोबांची नावं बऱ्याच मुलांनी आणली. पणजीचं नाव आणणारी मुलं एका हाताच्या बोटांवर मोजता आली. पदार्थ मात्र जवळजवळ सर्वांनी आणला! आणि झाडंही आणली. एका मुलीने लिहिलं होतं की पणजीचं नाव कुणाला आठवत नाही, पण ‘पणजीची मेंदी’ अजून कुंपणाला आहे आणि घरातल्या प्रत्येक लग्नात तीच वाटतात. मला वाटतं, शजरा कुठून वाचायला सुरुवात करायची ते त्या मुलीला माझ्याआधी कळलं.

आता स्वयंपाकघर. आपल्याकडच्या पदार्थांत सांदणाचा मान मोठा आहे. ईद असो, लग्न असो, बाहेरगावचा जावई असो, सांदणं व्हायचीच. सांदण म्हटलं की आपल्या हिंदू मैत्रिणींना फणसाचं गोड सांदण आठवतं. आपलं वेगळं. तांदूळ धुऊन, वाळवून, जात्यावर रवाळ दळायचा, नारळाच्या दाट दुधात भिजवायचा, फुगवायचा आणि वाट्यांत घालून वाफवायचा. पांढरीशुभ्र, जाळीदार, कापसासारखी सांदणं मटणाच्या रश्शाबरोबरही चालतात आणि आमरसाबरोबरही. पूर्वी पीठ फुगवायला माडी घालत. नंतर धार्मिक विचारामुळे अनेक घरांनी ती सोडली. कुणी यीस्टवर आले, कुणी उडदाच्या डाळीवर. आमच्या आजोळी उडीद. म्हणजे एका साध्या पदार्थाच्या कृतीतही घराने कधी काय ठरवलं याची नोंद असते. तुमच्याकडे काय घालतात आणि कधीपासून, हे विचारून पाहा. एक गोष्ट हमखास निघेल.

खरी अडचण मापांची. माझ्या मोठ्या खालांना मी कृती विचारली तेव्हा उत्तर आलं, ‘‘तांदूळ दोन चिपटी, नारळ मोठा असेल तर एक, पाणी लागेल तेवढं.’’ आता चिपटं कुणाच्या घरात आहे? जुना हिशोब असा, की दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. खालांच्या घरी लाकडी चिपटं सापडलं, माळ्यावर, उंदरांनी कडा कुरतडलेलं. त्यात तांदूळ भरून आम्ही इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलले. मग खालांनी नारळ खवला, मी तो खवही तोलला. त्या हसत होत्या. ‘‘आता माझी मूठ पन तोल गो,’’ म्हणाल्या. मी खरोखरच तोलली. मिठाची मूठ, तांदळाची मूठ, सुकटीची मूठ, तिन्ही वेगळ्या निघाल्या.

ज्यांना घरातल्या कृती लिहून ठेवायच्या असतील त्यांना माझं सांगणं हेच, की कृती विचारू नका, करायला लावा आणि शेजारी उभ्या राहा. विचारल्यावर बायका ‘थोडं’ आणि ‘बेताने’ एवढंच सांगतात, कारण त्यांना ते शब्दांत येत नाही, हातात येतं. मोबाइलवर व्हिडिओ घेत असाल तर तोंडाचा नको, हातांचा घ्या. आणि नारळाचं पहिलं दूध, दुसरं दूध कधी घातलं त्या वेळा लिहा, कारण पहिलं दाट दूध आधी घातलं आणि उकळलं तर ते फाटतं. हे खालांनी मला सांगितलं नाही. मी पातेल्याकडे हात नेला तेव्हा त्यांनी तो धरला.

सांदणं, घावणे, खापरोळ्या, शेवया करता करता त्या जे बोलतात ते कागदावर उतरवण्यासारखं असतं. खापरोळीची गोष्ट निघाली तेव्हा खालांना आठवलं की ते मातीचं खापर त्यांच्या आजीने माहेरून आणलं होतं. माहेर कुठलं? खाडीपलीकडचं एक गाव. तिचं नाव काय? थोडा वेळ गेला आणि नाव आलं. आमच्या आजोळच्या शजऱ्यात नसलेलं ते नाव खापराच्या आठवणीतून निघालं. मी ते इथे देत नाही, घरचं आहे. पण आता माझ्या वहीत आहे.

परसबागेत यापेक्षाही जास्त लिहिलेलं असतं. जुन्या कोकणी घराच्या मागे न्हाणीचं पाणी जाईल तिथे केळी आणि आळू, विहिरीजवळ माड आणि सुपारी, कुंपणाला मेंदी, दाराजवळ शेवगा आणि कढीपत्ता, सावलीत पानओवा, गवती चहा, पुदिना, मागच्या बाजूला बिंबली, फणस, रातांबा. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, शिराळी, तवसं. हे कुणी नकाशा काढून लावलेलं नाही, पण त्यात विचार आहे. आमच्या आजोळच्या मशिदीत वुजूचं पाणी पन्हळीने माडांच्या आळ्यात सोडलेलं होतं. पाच वक्तांचं पाणी झाडांना मिळायचं. आता तिथे टाइल्स बसवल्या आणि पाणी गटारात जातं, हे पाहून वाईट वाटतं.

रायवळ आंब्यांची तर नावंच असत. हापूसला सगळं जग ओळखतं, 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं. पण हापूस म्हणजे कलम, एकासारखं दुसरं. रायवळ बाठ्यातून उगवतो, म्हणून प्रत्येक झाड वेगळं. कुणाचा आंबा खोबऱ्यासारखा, कुणाचा लोणच्याचा, कुणाचा फक्त चोखायचा. आमच्याकडे एक रायवळ थेट पणजीच्या नावाने ओळखला जातो. ज्या घराने तिला शजऱ्यात जागा दिली नाही, त्याच घरातली पोरं दर मे महिन्यात तिचं नाव घेऊन दगड मारतात.

कोकमाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण अनेक बहिणी मला विचारतात की बी लावली, झाड वाढलं, पण फळ का येत नाही. कोकमात नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. बी लावली तर साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि ती नर आहेत हे फुलावर आल्याशिवाय, म्हणजे सहा-सात वर्षं, कळत नाही. म्हणून बी न लावता मादी झाडाच्या फांदीचं कलम लावावं. आसपास एखादं नराचं झाड मात्र हवं. जुन्या गावांत ते कुणाच्या ना कुणाच्या परसात असतंच. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही चांगली जात दिली आहे. कलम पावसाच्या सुरुवातीला लावावं आणि पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात सावली व पाणी द्यावं. नारळासाठी आपल्या रत्नागिरीजवळच भाट्ये इथे नारळ संशोधन केंद्र आहे. रोपं खात्रीची घ्या. झाड म्हणजे वीस-तीस वर्षांचा संसार असतो.

फळ आल्यावरचं काम मात्र कुठलं केंद्र शिकवत नाही, ते घरातच शिकावं लागतं. रातांबे फोडून सालं वेगळी करायची, गराच्या रसात बुडवून उन्हात टाकायची, वाळली की पुन्हा बुडवायची. असं चार-पाच वेळा. तेव्हा कुठे काळं, चिवट आमसूल होतं. बिया फुकट जात नाहीत. त्यांचं मुठेल काढतात आणि थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात. आमसुलं मे महिन्यातच झाली पाहिजेत, पहिला पाऊस आला की सगळं वाया. माझ्या नानी आभाळाकडे पाहून आमसुलं कधी उचलायची ते सांगत. त्यांच्या त्या अंदाजाला हवामान खात्याची सर नव्हती, असं आमचं सर्वांचं प्रामाणिक मत आहे.

ज्यांना आता परस उरलेला नाही, फ्लॅट आहे, त्यांनी निदान चार गोष्टी कुंड्यांत लावाव्यात. कढीपत्ता, पानओवा, पुदिना, मेंदी. मेंदी कुंडीत होते, फक्त ऊन भरपूर हवं आणि छाटणी करायला हवी. जमल्यास गावच्या झाडाचीच फांदी आणावी. बाजारातल्या रोपाला पणजी नसते. सोडणांचा भुसा, थोडी लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा लेंडीखत एवढ्यावर भागतं. आपल्या नबींनी (स.) झाड लावण्याला सदका म्हटलं आहे, त्याचं फळ माणसाने खाल्लं, जनावराने खाल्लं किंवा पाखराने खाल्लं तरीही. लावणाऱ्याचं नाव झाडावर लिहिलेलं असावं अशी अट त्यात नाही हे खरं. पण अल्लाहकडे ती नोंद राहते, तर आपण आपल्या वहीत का ठेवू नये?

कुणी म्हणेल, नसबाचा एवढा शोध इस्लामला मान्य आहे का? सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने कबिले आणि वंश एकमेकांची ओळख पटावी म्हणून केले असं सांगितलं आहे, आणि प्रतिष्ठा मात्र तकव्याची. म्हणजे नसब ओळखीसाठी आहे, मिरवायला नाही. नातं जोडून ठेवण्यासाठी आपला नसब शिकून घ्या, अशा आशयाची हदीसही आहे. आणि बायकांची नावं झाकायची असती तर आपल्याला हजरत खदीजा बिन्त खुवैलिद, बीबी आमिना, दाई हलीमा, उम्मे ऐमन ही नावं कशी माहीत झाली असती? सीरतच्या पुस्तकांत त्यांच्या बापांची, टोळ्यांचीही नावं आहेत. मग आपली दादी फक्त ‘अमक्याची आई’ कशी झाली? हा रिवाज आपला आहे, दीनचा नाही.

कागदांतही बायका सापडतात, फक्त शोधायच्या जागा वेगळ्या. पहिली जागा जमातीचं निकाहाचं रजिस्टर. निकाहनाम्यात नवरीचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, महर, वकील आणि साक्षीदार असतात. शजऱ्यात गायब झालेली पणजी तिथे स्वतःच्या नावाने, बिन्त लावून हजर असते. ही रजिस्टरं बहुतेक उर्दूत आहेत आणि कित्येक ठिकाणी वाळवीच्या तोंडी आहेत. जमातीच्या तरुणांनी एक दिवस बसून मोबाइलने सगळी पानं टिपून ठेवली तर फार मोठं काम होईल. दुसरी जागा शाळेचं जनरल रजिस्टर, मुलींच्या शाळा सुरू झाल्या त्यानंतरच्या काळासाठी. फार जुने महसुली कागद मोडीत असतात, त्यासाठी मोडी जाणणारा गाठावा लागतो.

मजेची गोष्ट अशी, की दूरच्या नॉर्वे देशातही असंच होतं. तिथल्या चर्चच्या जुन्या नोंदींत बाई लग्नानंतरही बापाच्या नावाने, पुढे ‘डाटर’ म्हणजे मुलगी असं लावून ओळखली जाई, आपल्या ‘बिन्त’ सारखीच. आडनावं बहुतेक शेतवाडीच्या नावावरून, आपल्या ‘कर’ सारखी. तिथून 1825 पासून लाखो लोक अमेरिकेला गेले. त्यांची पतवंडं आज नाताळात बटाट्याची पातळ ‘लेफ्से’ पोळी लाटतात आणि सुकवलेला मासा भिजवून खातात, आणि आजोळची शेतवाडी शोधत नॉर्वेला जातात. तिकडे गावोगावच्या शेतवाड्यांचे इतिहास छापलेले आहेत, कुठल्या वाडीवर कोण राहिलं, कुणाचं लग्न कुणाशी झालं, असे. आपल्याकडे गावाचं असं पुस्तक नाही. म्हाताऱ्या खाला आहेत.

तिसरी जागा फेरफार, आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. बाप वारला की वारसांची नोंद होते आणि त्यात मुलींची नावं येतात. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे, त्यामुळे ती नावं टाळता येत नाहीत. मात्र बऱ्याच घरांत दुसऱ्या-तिसऱ्या फेरफारालाच हक्कसोडपत्र येतं. बहिणींनी राजीखुशीने हक्क सोडला, भावांची नावं कायम. एका ओळीत नाव आलं, दुसऱ्या ओळीत गेलं. सातबाऱ्याच्या पीकपाहणीत आंब्याच्या, काजूच्या झाडांची संख्या मात्र दरवर्षी लिहिली जाते.

आमच्या आजोळी सध्या हीच वेळ आली आहे. घर बंद आहे, मामू परदेशात, जागेला चांगला भाव येतो आहे. त्यात कुणाचा वाईट हेतू नाही, हे मी स्पष्ट लिहिते. मामूंनी बहिणींना कधी अंतर दिलं नाही. धाकट्या खालांनी हक्कसोडीवर सही केली. मोठ्या खालांनी अजून केलेली नाही. त्यांना पैसे नकोत, त्यांच्या मुलांचं चांगलं चाललं आहे. मामूंनी फोनवर विचारलं, आपा, मग तुम्हाला हवं तरी काय? त्या म्हणाल्या, ‘‘सही करीन रे, पन पयला विहिरीकडचा तुकडा माज्या नावावर कर. आंबा हाय, दोन रातांबे हायत, तेवडाच.’’ मामू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मोजणी करून घेऊ.

मोजणी पावसाळ्यानंतर आहे. जून लागताच खालांनी भाच्याला रिक्षाने पाठवून कोकमाची दोन कलमं मागवली आणि त्या तुकड्यात लावून टाकली.